परवा म्हणजे ‘गेलेली सकाळ’ नव्हे

मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती. रमजानचे दिवस, त्यामुळे डब्याचा प्रश्न नव्हता. स्टाफरूममध्ये सहावीच्या वह्या तपासत बसले होते. पाऊण वाजता फोन वाजला. पलीकडे माझ्या आपाचा मुलगा.

“खाला, माझं ऑपरेशन गेलं. आता हे लोक करणार नाहीत बहुतेक.”

हा मुलगा जहाजावर आहे. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतून एखादा तरी दर्यावर असतो, तसाच हाही. दोन दिवसांपूर्वी काम करताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे दोरखंडात सापडली होती. जहाजाने त्याला स्पेनच्या दक्षिण टोकाला, आल्खेसिरास बंदरात उतरवले आणि तिथल्या रुग्णालयात दाखल केले. बोटाचे हाड आणि शीर दोन्ही दुखावलेले, शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी होती. मंगळवारी सकाळी आठला ठरलेली. ती झाली नाही. डॉक्टरांनी कागदावर दोन शब्द लिहून दिले आणि निघून गेले. ते शब्द त्याने फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये एकेक करून टाकले. अ‍ॅप म्हणाले: ‘गेलेली’, ‘सकाळ’. त्याने अर्थ लावला की सकाळ निघून गेली, संधी गेली. उजव्या हातावर ज्याचे पोट, त्याच्या जिवाचे काय झाले असेल ते सांगायला नको.

मला तेव्हा स्पॅनिशचा ‘स’ येत नव्हता. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात स्पॅनिश शिकून नोकरी करते, तिला तो कागदाचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आले: “बाई, ‘पासादो मान्याना’ म्हणजे परवा. गुरुवारी करणार आहेत. काळजी करू नका.”

परवा! एवढा साधा शब्द. पण तो कळला नाही म्हणून एक तरुण मुलगा परक्या देशात खाटेवर रडत होता आणि इकडे आपाने नफिलीची मन्नत मानली होती. त्या दिवसापासून मी वहीत स्पॅनिश शब्द टिपायला लागले. मी काही पंडित झालेली नाही. पण दिवस आणि वेळ यांचे शब्द माणसाला सगळ्यात आधी लागतात, आणि तेच सगळ्यात जास्त फसवतात, एवढे कळले. म्हणून या महिन्याच्या सदरात तेच घेते आहे. आपल्या घरातली मुले जहाजावर जातात, शिकायला परदेशी जातात, पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून परदेशी गिऱ्हाइकांशी बोलतात. स्पेनखेरीज मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सुमारे २० देशांत ही भाषा चालते. कधी कोणाला उपयोग होईल सांगता येत नाही.

एकच मान्याना, अर्थ दोन

आधी त्या गोंधळाचे मूळ पाहू. ‘मान्याना’ या शब्दाचे स्पॅनिशमध्ये दोन अर्थ आहेत: सकाळ आणि उद्या. (यातला ‘न्या’ आपल्या ‘ञ’सारखा उच्चारायचा.) दोन्ही एकत्र आले की ते म्हणतात, ‘मान्याना पोर ला मान्याना’, म्हणजे उद्या सकाळी. पहिला मान्याना उद्याचा, दुसरा सकाळचा. सकाळ सांगायची असेल तर शब्दाच्या आधी बहुधा ‘ला’ येतो. नुसता मान्याना आला की तो उद्या समजावा.

आपल्याला हसू येईल, पण आपल्याकडे काय वेगळे आहे? उर्दूत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्या दोन्ही. मराठीत काल-उद्याची सोय आहे, पण ‘परवा’ तिथेच अडकतो. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येतो’ यांत शब्द तोच, क्रियापदावरून कळते. माझ्या वर्गात उर्दू माध्यमातून आलेली मुले मराठी लिहिताना हमखास ‘मी काल येणार आहे’ असे लिहितात. मी आता त्यांना रागावत नाही.

स्पॅनिशमध्ये मात्र परवाचे दोन वेगळे शब्द आहेत. गेलेला परवा म्हणजे ‘आन्तेआयेर’. ‘आयेर’ म्हणजे काल, ‘आन्ते’ म्हणजे आधीचा. मेक्सिकोसारख्या देशांत तो आखडून ‘आन्तिएर’ होतो. येणारा परवा म्हणजे ‘पासादो मान्याना’. पासादोचा अर्थ ‘ओलांडलेला’. म्हणजे उद्याचा दिवस ओलांडल्यावर जो येतो तो. अ‍ॅपने शब्द बरोबर सांगितले होते, पण दोन शब्द जोडल्यावर त्यांचा जो एक अर्थ होतो तो सांगितला नव्हता. शब्द सुटे करून भाषांतर करू नये, हा धडा आम्ही असा शिकलो. उद्या कोणी मराठी शिकणारा ‘पाणउतारा’ शब्द सुटा करून पाहील तर त्याला काय मिळेल?

आज म्हणजे ‘ओय’. लिहिताना पुढे ‘एच’ असतो, पण स्पॅनिशमध्ये एच कधीच उच्चारत नाहीत. हे एवढे लक्षात ठेवले तरी अर्धी गडबड टळते.

त्याचा रोजा आणि त्यांचा उपवास

आता खरी चूक कुठे झाली ती सांगते. सोमवारी संध्याकाळी नर्स त्याला म्हणाली होती, “मान्याना पोर ला मान्याना, आ लास ओचो. एन आयूनास.” उद्या सकाळी, आठ वाजता. आणि ‘एन आयूनास’ म्हणजे उपाशीपोटी. अ‍ॅपने ‘आयूनास’चा अर्थ दाखवला: उपवास. आमचा मुलगा खूश. म्हणाला, येस येस, फास्टिंग, रमजान! नर्सनेही मान हलवली. दोघांनाही वाटले, समजले.

त्याने पहाटे उठून पावणेपाचला सहरी केली. खजूर, पाव, दूध. आठ वाजता भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, “आ के ओरा कोमियो?” किती वाजता खाल्ले? त्याने पाच बोटे दाखवली. शस्त्रक्रिया तिथेच थांबली.

डॉक्टरांचे बरोबर होते. भूल दिल्यावर पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. त्यातून जीवही जाऊ शकतो. म्हणून भूल देण्याआधी साधारण सहा तास घन आहार आणि दूध बंद ठेवतात. आपल्याकडे डॉक्टर ‘रात्री बारानंतर काही घेऊ नका’ म्हणतात ते यासाठीच. मुलाचेही खोटे नव्हते. त्याचा रोजा फजरपासून सुरू होत होता, रुग्णालयाचा उपवास मध्यरात्रीपासून. शब्द एक, पण घड्याळे दोन.

आपाने नंतर त्याला फोनवर चांगलेच सुनावले. “आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, ती अल्लाहने दिलेली आहे. तुला कोणी सांगितलं होतं दवाखान्यात सहरी करायला?” यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते.

इथे एक शब्द मुद्दाम सांगते. न्याहारीला स्पॅनिशमध्ये ‘देसायूनो’ म्हणतात. ‘आयूनो’ म्हणजे उपवास, आणि ‘देस’ म्हणजे सोडणे. रात्रभराचा उपवास सकाळी सोडायचा म्हणून देसायूनो. आपण संध्याकाळी इफ्तार करतो, ते रोज सकाळी करतात!

आणि सहरीच्या वेळेलाही त्यांच्याकडे छान शब्द आहे: ‘माद्रुगादा’. मध्यरात्र उलटल्यापासून उजाडेपर्यंतचा काळ. मराठीत त्याचे ‘उत्तररात्र’ आणि ‘पहाट’ असे दोन तुकडे पडतात. त्यावरून क्रियापद आहे ‘माद्रुगार’, म्हणजे पहाटे उठणे. त्यांच्यात म्हण आहे, ‘आ क्येन माद्रुगा, द्योस ले आयूदा’. जो पहाटे उठतो त्याला देव मदत करतो. फजरला उठवताना आपल्या घरांतही मोठी माणसे वेगळे काय सांगतात?

दिवसाचे बाकीचे भाग असे: ‘मान्याना’ सकाळ, ‘तार्दे’ दुपार आणि संध्याकाळ दोन्ही, ‘नोचे’ रात्र. भेटल्यावर म्हणायचे ‘ब्वेनोस दियास’, ‘ब्वेनास तार्देस’, ‘ब्वेनास नोचेस’. यातला शेवटचा आपल्याला फसवतो. इंग्रजीत रात्रीचा निरोप घेताना जे म्हणतात तसा तो केवळ निरोपाचा नाही; रात्री भेटल्यावरही तोच म्हणतात. आणि ‘तार्दे’चा आणखी एक अर्थ आहे: उशिरा. ‘एस तार्दे’ म्हणजे ‘उशीर झाला’. कोणी असे म्हटले तर दुपार झाली असे समजून निवांत बसू नये.

पावणे, सव्वा, साडे

घड्याळाच्या बाबतीत मराठी माणसाला स्पॅनिश फार जवळची वाटते. आपण म्हणतो ‘एक वाजला’, पण ‘दोन वाजले’. एक असेल तर एकवचन, पुढे अनेकवचन. स्पॅनिशमध्येही हुबेहूब तसेच. ‘एस ला उना’, एक वाजला. ‘सोन लास दोस’, दोन वाजले. ‘सोन लास त्रेस’, तीन वाजले. इंग्रजीत हा भेद नाही, त्यामुळे इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे चुकतात. मराठीतून शिकणाऱ्याने चुकायचे कारण नाही.

पुढे तर आणखी गंमत आहे. सव्वातीन म्हणजे ‘लास त्रेस ई क्वार्तो’, तीन आणि पाव. साडेतीन म्हणजे ‘लास त्रेस ई मेदिया’, तीन आणि अर्धा. पावणेतीन म्हणजे ‘लास त्रेस मेनोस क्वार्तो’, तीनला पाव कमी. आपला ‘पावणे’ म्हणजेही पाव उणे! शाळेत मुलांना पावणे-सव्वा शिकवताना जो घाम फुटतो, तो स्पेनमधल्या बाईंनाही फुटत असेल. फक्त आपल्यासारखे ‘दीड’ आणि ‘अडीच’ त्यांच्याकडे नाहीत. ते सरळ ‘एक आणि अर्धा’, ‘दोन आणि अर्धा’ म्हणतात.

अमेरिका खंडातल्या स्पॅनिश देशांत मात्र पावणेतीनला बहुधा ‘क्वार्तो पारा लास त्रेस’ म्हणतात, म्हणजे तीनला पाव तास बाकी. अर्थ तोच, वाट वेगळी.

वेळ विचारायची तर ‘के ओरा एस?’ किती वाजले? पण ‘किती वाजता?’ असे विचारायचे असेल तर आधी ‘आ’ लावायचा: ‘आ के ओरा?’ उत्तरातही तो येतो. ‘सोन लास ओचो’ म्हणजे आठ वाजले. ‘आ लास ओचो’ म्हणजे आठ वाजता. बरोबर ठोक्याला म्हणायचे असेल तर शेवटी ‘एन पुन्तो’ जोडायचे.

छापील कागदावर, म्हणजे तिकिटावर, रुग्णालयाच्या चिठ्ठीवर किंवा कचेरीच्या पत्रात, २४ तासांचे घड्याळ असते. १७ लिहिले असेल तर संध्याकाळचे पाच. तारीख आपल्यासारखीच आधी दिवस, मग महिना.

स्पेनच्या घड्याळाबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. हा देश नकाशावर इंग्लंडच्या सरळ खाली आहे, पण १९४० साली त्यांनी घड्याळ एक तास पुढे करून मध्य युरोपाच्या वेळेशी जुळवले, ते आजही तसेच आहे. त्यामुळे तिथे सूर्य घड्याळाच्या मागे चालतो. माद्रिदला हिवाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा सव्वा वाजून गेलेला असतो, आणि उन्हाळ्यात सव्वादोन. जोहरची वेळ त्यानंतरची. दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊ-दहाला होते, त्यामागे हेही एक कारण सांगितले जाते. भारताची वेळ हिवाळ्यात स्पेनच्या साडेचार तास पुढे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळे एक तास पुढे जातात, मग फरक साडेतीन तासांचा होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेचार. मुलगा तिकडे असेल तर फोन करण्याआधी हा हिशेब करावा, नाहीतर त्याच्या माद्रुगादात फोन वाजतो.

सात वार, चार भाषा

आता वार पाहू. सोमवारपासून: लूनेस, मार्तेस, म्येर्कोलेस, ख़्वेबेस, ब्येर्नेस, साबादो, दोमिंगो.

यातला गुरुवार, ‘ख़्वेबेस’, उच्चारताना आपल्या घरातल्या मुलांना अडचण येणार नाही. तो ‘ख़’ उर्दूच्या ‘ख़े’च्या जवळचा आहे, ‘ख़ुदा’तला.

या नावांचा मराठीशी संबंध पाहा. लूनेस चंद्राचा दिवस, आपला सोमवारही सोमाचा म्हणजे चंद्राचा. मार्तेस मंगळाचा. म्येर्कोलेस बुधाचा. ख़्वेबेस गुरू ग्रहाचा. ब्येर्नेस शुक्राचा. सोमवार ते शुक्रवार पाचही वार ग्रह त्याच क्रमाने! मराठी येणाऱ्याला हे पाच वार पाठ करायला पाच मिनिटे पुरतात.

शनिवार-रविवारी मात्र वाटा वेगळ्या होतात. ‘साबादो’ हा शनीचा नव्हे. तो हिब्रू ‘शब्बात’वरून आलेला, आणि अरबीतला शनिवार ‘सब्त’ त्याचाच भाऊ. म्हणजे मराठी सोडून अरबीच्या बाजूने पाहिले तर तो ओळखीचा निघतो. ‘दोमिंगो’ म्हणजे प्रभूचा दिवस, ख्रिस्ती धर्मातून आलेला.

आपण मराठी-उर्दू घरांत राहणारी माणसे वारांच्या बाबतीत तशी श्रीमंतच. सोमवारला घरात ‘पीर’ म्हणतो, शाळेत सोमवार. गुरुवार ‘जुमेरात’, कारण इस्लामी हिशेबात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि गुरुवारची रात्र ही जुम्याची रात्र. अरबीत रविवार ‘अहद’ म्हणजे पहिला, मग दुसरा, तिसरा, चौथा आणि गुरुवार ‘खमीस’ म्हणजे पाचवा. आणि गोव्यात ज्यांची सत्ता साडेचारशे वर्षे होती त्या पोर्तुगीजांची भाषा स्पॅनिशची सख्खी बहीण असूनही वार असेच मोजते. सोमवारला ते ‘दुसरा’ म्हणतात, शुक्रवारला ‘सहावा’. तेव्हा पोर्तुगीज कागद हाती आला तर स्पॅनिशचे पाठांतर तिथे लावू नये.

वापरायचे नियम दोनच. ‘एल लूनेस’ म्हणजे या सोमवारी. ‘लोस लूनेस’ म्हणजे दर सोमवारी. ‘एल’ आणि ‘लोस’ एवढाच फरक. पण औषध ‘लोस लूनेस’ घ्यायला सांगितले असेल आणि एकदाच घेतले तर काय होईल, विचार करा.

जाता जाता एक वहम सांगते. इंग्रजी मुलखात १३ तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात. स्पॅनिश मुलखात १३ तारखेचा मंगळवार. म्हणच आहे की त्या दिवशी लग्न करू नये आणि जहाजात पाय ठेवू नये. एकाच तारखेला दोन मुलूख दोन वेगळ्या वारांना घाबरतात, यावरूनच वाराच्या अंगी काही नसते हे मुलांना समजावता येते. आपल्या दीनने तर अपशकुन मानायला साफ मनाई केली आहे.

आठ दिवसांचा आठवडा

सात दिवसांच्या काळाला आपण ‘आठवडा’ का म्हणतो, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी मूल विचारतेच. सोमवार ते पुढचा सोमवार मोजताना दोन्ही सोमवार धरले की आठ होतात. तसेच पंधरवड्याचे, दोन आठवडे म्हणजे १४ दिवस, पण आपण म्हणतो ‘पंधरा दिवसांनी ये’. उर्दूतला ‘हफ्ता’ मात्र फारसी ‘हफ्त’ म्हणजे सातवरून.

स्पॅनिशमध्ये दोन्ही आहेत! आठवड्याचा शब्द ‘सेमाना’, तो लॅटिनमधल्या सातवरून आलेला, आपल्या हफ्त्यासारखा. पण बोलताना ते ‘ओचो दियास’ म्हणजे आठ दिवस म्हणतात आणि त्यांना आठवडाच म्हणायचा असतो. दोन आठवड्यांना म्हणतात ‘किन्से दियास’, १५ दिवस. मराठी माणसाला यात समजावण्यासारखे काही नाही. इंग्रजीतून पाहणारा मात्र बोटे मोजत बसतो. आमच्या मुलाला टाके काढायला ‘किन्से दियास’नी बोलावले, तेव्हा त्याने मला विचारलेही नाही. गुरुवारी गेला होता, बरोबर दोन आठवड्यांनी गुरुवारी हजर झाला.

आणखी काही जोड्या: ‘ला सेमाना पासादा’ गेला आठवडा, ‘ला सेमाना के ब्येने’ येणारा आठवडा. इथेही ‘गेला’ आणि ‘येणारा’ अगदी आपल्यासारखे. ‘आसे त्रेस दियास’ तीन दिवसांपूर्वी, ‘देन्त्रो दे त्रेस दियास’ तीन दिवसांनी. ‘आओरा’ म्हणजे आत्ता. पण मेक्सिकोचा माणूस ‘आओरिता’ म्हणाला तर तो लगेच येईल, तासाने येईल किंवा येणारही नाही. आपल्याकडचे ‘आत्ता आलोच’ आठवा.

निरोपाच्या शब्दात अरबी

वही भरत गेले तसतसे एक वेगळेच दार उघडले. रोजचा निरोप आहे ‘आस्ता मान्याना’, म्हणजे उद्यापर्यंत, उद्या भेटू. ‘आस्ता एल लूनेस’, सोमवारपर्यंत. ‘आस्ता लुएगो’, पुन्हा भेटेपर्यंत. हा ‘आस्ता’ कुठून आला? अरबीतल्या ‘हत्ता’वरून. कुरआन पढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या जिभेवर असलेला शब्द, अर्थही तोच, ‘पर्यंत’.

तसाच ‘ओख़ाला’. उद्या पाऊस पडो, मुलगा परवा घरी येवो, अशा प्रत्येक इच्छेच्या आधी स्पेनचा माणूस ‘ओख़ाला’ म्हणतो. हा अरबीच्या ‘लव शा अल्लाह’चा बदललेला उच्चार, म्हणजे ‘अल्लाहने इच्छिले तर’. ‘फुलानो’ हा आपला ‘फलाणा’च. आणि तारखा पाहण्याच्या पंचांगवजा पुस्तकाला ते ‘आल्मानाके’ म्हणतात, तोही अंदलुसच्या अरबीतून आलेला. ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या कमीअधिक भागावर मुसलमानांचे राज्य होते. आल्खेसिरास हे नावही अरबी ‘अल-जजीरा’वरून, म्हणजे बेट.

१४९२ मध्ये ग्रॅनडा पडले. पुढे तिथल्या मुसलमानांना बाप्तिस्मा घ्यायला लावला, पण त्यांच्यावरचा संशय गेला नाही. १५६७ मध्ये जाहीर झालेल्या हुकुमाने अरबी बोलणे-लिहिणे सोडायला तीन वर्षांची मुदत दिली, आणि शुक्रवारी घराची दारे उघडी ठेवायला लावली. आत कोणी जुम्याची तयारी करत नाही ना, हे रस्त्यावरून दिसावे म्हणून. ‘ब्येर्नेस’ हा वार माझ्या वहीत नुसता एक शब्द होता. हे वाचल्यावर तो तसा राहिला नाही.

अरबी विसरत चाललेले ते लोक मग काय करत? ते स्पॅनिशच बोलत, पण ती अरबी अक्षरांत लिहीत. त्या लिखाणाला ‘आल्खामियादो’ म्हणतात. नमाज कशी पढावी, रोजा कसा ठेवावा, नबींच्या गोष्टी, सगळे स्पॅनिशमध्ये, मुलांना कळावे म्हणून. १६०९ ते १६१४ या काळात त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. १८८४ मध्ये सारागोसा प्रांतातल्या आल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावी एक जुने घर पाडताना खोट्या जमिनीखाली त्यांची लपवलेली पुस्तके सापडली. जी भाषा घरात बोलली जाते तिच्यात दीन मुलांपर्यंत पोहोचवायचा, एवढीच त्यांची धडपड होती. हे मासिक हातात धरलेल्या वाचकांना ती धडपड काय असते हे मी सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याला ते जमिनीखाली लपवावे लागत नाही. अल्हमदुलिल्लाह.

घरात लिहून ठेवावे असे

परदेशी जाणाऱ्या मुलाच्या पाकिटात एका कागदावर एवढे लिहून द्यावे:

के दिया? – कोणत्या दिवशी?
आ के ओरा? – किती वाजता?
देस्दे के ओरा? – किती वाजल्यापासून?
आस्ता के ओरा? – किती वाजेपर्यंत?
ओय, मान्याना, पासादो मान्याना – आज, उद्या, परवा.
एस्क्रीबालो, पोर फाबोर – कृपया लिहून द्या.

यातला तिसरा प्रश्न माझ्या मते सर्वांत मोलाचा. ‘देस्दे’ म्हणजे ‘पासून’. त्या सोमवारी आमच्या मुलाने “देस्दे के ओरा?” एवढे विचारले असते, तर उपवास मध्यरात्रीपासून हे कळले असते आणि दोन दिवस वाया गेले नसते. परक्या भाषेत मान डोलावणे सोपे असते. पण दवाखान्यात, विमानतळावर, कचेरीत वेळ सांगितली की ती आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवावी आणि बोटांनीही दाखवावी. वर्गात मी मुलांना हेच करायला लावते. समजले का असे विचारले की सगळे ‘हो’ म्हणतात. परत सांग म्हटले की खरे कळते.

बुधवारी रात्री साफसफाई करणारी एक मोरोक्कन बाई त्याच्या खोलीत आली. तिला कोणीतरी त्याची हकीकत सांगितली असावी. घड्याळातल्या बाराकडे बोट दाखवून ती म्हणाली, “सुहूर, ला!” सहरी नाही. एवढी अरबी त्याला पुरली. गुरुवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बोटे आता वाकतात. मुठीला पूर्वीची ताकद यायला अजून वेळ आहे. सुटलेले रोजे त्याने घरी आल्यावर पुरे केले.

गृहपाठ दिल्याशिवाय माझे सदर संपत नाही. या महिन्यात मुलांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने सात वारांची स्पॅनिश नावे लिहायला सांगा, शेजारी मराठी आणि उर्दू. पाच वारांत त्यांना एकसारखे काय दिसते ते विचारा. मी दिलेले उत्तर मात्र आधी सांगू नका.

स्पेनमधली म्हातारी माणसे रात्री निरोप घेताना म्हणतात, ‘आस्ता मान्याना, सि द्योस क्येरे’. उद्या भेटू, देवाची मर्जी असेल तर. आपणही पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.